दात पाहून सांगितलेलं वय

"एकदा अजून पाहू, आजी."

हे तिचं वाक्य. खोलीला कुलूप लावायची, ओढून पाहायची, चार पायऱ्या उतरायची आणि परत वर जाऊन पुन्हा ओढून पाहायची. गॅस बंद केला का, एकदा अजून पाहू. वरणात मीठ पडलं का, एकदा अजून पाहू. माझ्या वरणात दोनदा चमचा घालायची हिंमत माझ्या सुनेनेही कधी केली नाही. मी तिला पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "पोरी, अशानं तू नवऱ्याचं तोंड बी दोनदा पाहून घेशील."

ती म्हणाली, "घेईनच ना. पहिल्या खेपेले त सगळेच बरे दिसतात."

तेव्हाच मला वाटलं, ही टिकेल.

वाशीमजवळच्या मालेगावात माझं घर आहे. नवरा गेला, मुलगा-सून पुण्याला. वरची एक खोली मी भाड्याने देते. तुमच्याही गल्लीत असे भाडेकरू राहून गेले असतील. कोणी बँकेतला, कोणी मास्तर, कोणी नुसता मोबाईलवर बोलणारा. गेले की आठ दिवसांत त्यांचं तोंडही आठवत नाही. हिचं आठवतं, कारण हिने माझ्या घरात फ्रीजभर हाडं आणून ठेवली.

मुलगी अनसिंगकडची, घरी शेती. वाशीमच्या कॉलेजात शिकवायची आणि सोबत पीएच.डी. करायची. खोली पाहायला आली तेव्हा एकच विचारलं, "माह्या जवळचा फ्रीज ठेवला त चालेल ना?" मी म्हटलं, लाईटबिल तुझं. फ्रीजमध्ये काय ठेवणार हे मी विचारलं नाही. दूध, भाजी, आणखी काय ठेवतं माणूस?

बकऱ्याच्या पायाच्या नळ्या होत्या. मटणवाल्याकडून आणायची, थंड पाण्यात भिजवायची, सुरीने खरवडून स्वच्छ करायची आणि प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. समोरची बाई माळकरी. तिने गल्लीभर सांगितलं की वरची पोरगी करणी करते. मी ओट्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "करणी करणारी रोज सकाळी सातची बस पकडते का?" त्यावर विषय संपला. वास मात्र राहिला.

आता माझी चूक सांगते. लपवण्यासारखी नाही.

एकदा उन्हाळ्यात दिवसभर लाईट गेली. ती वाशीमला. फ्रीजमधून पाणी गळून जिन्यापर्यंत आलं. किल्ली माझ्याकडे होतीच. मी पाहिलं तर नळ्या मऊ पडलेल्या, संध्याकाळपर्यंत घाण सुटली असती. एवढा माल वाया जाणार. मी चिठ्ठ्या सोडून चुलीत टाकल्या, नळ्या मोठ्या गंजात घातल्या, हळद-मीठ टाकलं आणि दोन तास उकळल्या. कच्चं नासतं, शिजलेलं टिकतं, हे मला कोणी शिकवायला नको.

ती आली. गंजाकडे पाहत दारातच उभी राहिली.

"आजी, चिठ्ठ्या?"

"जळल्या."

"अन् हे?"

"पाया झाला. हातपाय धू अन् जेवाले बस."

मी माफी मागितली नाही. तीही रडली नाही. बसली, भाकर कुस्करली आणि जेवली. दुसऱ्यांदा रस्सा घेताना म्हणाली, "उकळलं की हाडातला गोंद निघून जाते, आजी. मले तोच गोंद पाहिजे होता." मग त्या जेवणात तिने मला सगळं सांगितलं. मी चौथी पास आहे, तरी समजलं, म्हणजे ती चांगलं शिकवत असणार.

हाड म्हणजे नुसता चुना नाही. चुन्याच्या आत बारीक धागे असतात, तोच तो गोंद. आपलं शरीर जुनं हाड रोज थोडं थोडं खातं आणि त्या जागी नवं घालतं. हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्याच असतात. त्या आधी आंबट सोडून चुना विरघळवतात आणि मग धागे पचवतात. कोवळ्या हाडातले धागे सुटे असतात, पटकन पचतात. वय झालं की रक्तातली साखर त्या धाग्यांना चिकटत जाते आणि धागे एकमेकांत जखडतात, गुळाचा पाक हाताला लागून वाळला की बोटं जखडतात तसे. मग ते लवकर तुटत नाहीत. जुनं हाड वेळेवर निघालं नाही की तिथेच राहतं आणि त्याला बारीक चिरा पडत जातात. तिला हे मोजायचं होतं, कोणत्या वयाचं हाड पचायला किती वेळ घेतं ते. कॉलेजात नेऊन नळीचा तुकडा आधी आंबटात, म्हणजे अ‍ॅसिडात, ठेवायची. चुना निघून तो रबरासारखा वाकायला लागला की पोटात असतं तसलं पाचक घालून कोमट पाण्यात ठेवायची आणि घड्याळ लावून बसायची.

मी म्हटलं, "मंग मलेच विचारायचं होतं. कोवळं मटण तीन शिट्ट्यात शिजते. म्हाताऱ्याले सात बी पुरत नाईत."

तिचा घास हातातच राहिला. "आजी, हेच. मटणात बी तेच धागे असतात. हेच शोधून राह्यली मी."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाले."

"शिट्ट्या मोजाले चार वर्षं?"

तिला एवढं हसू आलं की ठसका लागला. पाणी प्यायली आणि म्हणाली, "शिट्ट्या त सगळेच मोजतात. काहून लागतात, ते लिहायचं हाये." दुसऱ्या दिवशीपासून तिने माझ्या चहातली साखर अर्धी केली. ती वर गेली की उरलेली अर्धी मी टाकून घ्यायची, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पावसाळा लागला तशी ती गप्प झाली. एका संध्याकाळी जिन्यात वही घेऊन बसली होती. वहीत आकड्यांच्या ओळीच ओळी. म्हणाली, "कोवळं लवकर गळाले पाह्यजे, म्हातारं उशिरा. माह्यावाले कसे बी गळून राह्यले. दोन वर्षाचं गळत नाई, चार वर्षाचं घंट्यात गळते. वर्षभराचं काम हाये, आजी." दिवाळीच्या आत प्रबंध दिला नाही तर तिची नोंदणी जाणार होती. मग पहिल्यापासून सगळं, किंवा काहीच नाही. घरचे तर वाटच पाहत होते की हे एकदाचं संपावं आणि पोरीचं लग्न करावं.

मी विचारलं, "बकऱ्याचं वय कोण सांगते तुले?"

"मटणवाले भाऊ. त्याईले विचारूनच चिठ्ठी बांधते."

मला हसू आलं. तुम्हीही मटणाच्या दुकानात उभे राहिला असाल. सांगा, एखाद्या मटणवाल्याने आजवर म्हटलं आहे का, की हा बकरा म्हातारा आहे, विचार करून घ्या? मी जन्मभर बकऱ्या पाळल्या. गुडघे गेले तेव्हा सोडल्या. विकायच्या वेळी मी स्वतः सहा वर्षांची बकरी तीन वर्षांची सांगितलेली आहे. आणि ही एवढी शिकलेली पोरगी, कुलूप दोनदा ओढून पाहणारी, चार गिऱ्हाइकांसमोर खाटकाला वय विचारायची आणि तो सांगेल ते लिहून घ्यायची.

सकाळी तिला घेऊन दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "काय गा, या पोरीले म्हाताऱ्या बकऱ्याच्या नळ्या किती देल्ल्या आतापर्यंत?"

त्याने सुरी खाली ठेवली. "मावशी, हळू बोला ना! आपल्या इथं सगळा कोवळाच माल हाये."

"मंग हिले चार वर्षं, पाच वर्षं काय सांगत होता?"

गिऱ्हाइकं गेल्यावर तो कबूल झाला. "आता मॅडमले वेगवेगळ्या वयाचे पाह्यजे होते, म्हणून वेगवेगळे सांगतले. खरं सांगू का, मले वाटे कॉलेजची काही स्कीम असन. फॉर्म भराचा असन."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मॅडमला हवं ते त्याने दिलं.

ती बाहेर सायकलच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. मी दुसरीकडे पाहिलं, कारण रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे मला कधीच जमलेलं नाही. पण ती रडत नव्हती. पर्समधून पेन काढून वहीच्या एकेका पानावर आडवी रेघ मारत होती. घरी येईस्तोवर मारत होती. रात्री तिच्या पीएच.डी.च्या सरांचा फोन आला. सर म्हणत होते की सगळंच कशाला टाकता, अर्धी वयं तरी बरोबर असतील. ती म्हणाली, "हो सर. पण कोणती अर्धी?"

तेव्हापासून मी कामाला लागले.

बकरीला पुढचे दात फक्त खाली असतात. पिल्लाचे दुधाचे, बारीक. वर्ष उलटलं की मधले दोन पडून रुंद दात येतात, तिला दोन दाती म्हणायचं. मग चार, मग सहा, मग आठ. आठ झाले की पुढे मोजायला काही नसतं. मग झीज पाहायची, फटी पाहायच्या. मटणवाल्याने अट घातली की गिऱ्हाईक यायच्या आधी यायचं आणि दुकानात म्हातारा हा शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, बोटं चालतील ना? मग मी बकऱ्याचं तोंड उघडून बोटं दाखवायची, फार जुना असला तर मूठ मिटायची, आणि ती चिठ्ठीवर लिहायची. मुठीवाले बकरे कुठे जातात हेही त्याने सांगून टाकलं. ढाब्यावर. तिथे रात्रभर शिजतात आणि लोक बोटं चाटत खातात.

तीन महिने रोज सकाळी आम्ही दोघी. तिने माझ्यासाठी एक घडीचं स्टूल आणलं होतं, ते काखेत धरून ती पुढे चालायची. पहिल्या दिवशी तिला बकऱ्याच्या तोंडाला हात लावायची भीती वाटली. मी म्हटलं, "मेल्यावर नळी खरवडते, तवा भेव नाई वाटत?" म्हणाली, "तवा चावत नाई ना ते." पंधरा दिवसांत ती माझ्या आधी बोटं दाखवायला लागली. बरेचदा चुकायची. चुकली की मी तिच्या बोटांवर चापट मारायची.

आणि आकडे जुळायला लागले. कोवळं पहिल्यांदा गळायचं, दोन दाती त्यानंतर, मुठीवाले सगळ्यांच्या मागून. ती संध्याकाळी गेटातूनच ओरडायची, "आजी, रांगेत हायेत!" शाळेतली पोरं रांगेत उभी राहिल्यावर बाईला आनंद व्हावा तशी.

एकच नळी रांगेत बसेना. मुठीवाली होती, पण कोवळ्यासारखी घंट्याभरात गळून मोकळी. तिने उरलेला तुकडा लावून पुन्हा केलं. तेच. पाणी तपासलं, पाचक बदललं, घड्याळ बदललं. चार रात्री नीट झोपली नाही. सर म्हणाले, एक काढून टाका, कोणाला कळतं? ती मला म्हणाली, "जुळत नाई म्हणून काढली त ते चोरीच झाली ना, आजी. काढाले काही कारण पाह्यजे."

कारण मला माहीत होतं.

त्या दिवशी मटणवाला घाईत होता. बकऱ्याचे पुढचे दात तुटलेले होते. मी चष्मा घरी विसरले होते आणि ते तिला सांगायची लाज वाटली. तुटके दात दिसले, मी मूठ मिटली. दगडावर तोंड आपटून तरण्या बकऱ्याचेही दात तुटतात, हे मी आयुष्यात दहा वेळा पाहिलेलं. पण तीन महिन्यांत मला मास्तरीण झाल्यासारखं वाटायला लागलं होतं. नक्की सांगता येत नाही, हे मला म्हणवेना.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना सांगून टाकलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

ती म्हणाली, "बरं झालं सांगतलं." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "बाकीच्याईचं नक्की हाये ना, आजी?"

तव्यावरची भाकर करपली. दुसरं कोणी असतं तर मी उलथणं फेकून मारलं असतं. पण प्रश्न बरोबर होता. एक चुकली म्हटल्यावर बाकीच्यांवर विश्वास कशावर ठेवायचा? दिवाळीला महिना राहिला होता. माझी बोटं खोटी तर तिचं सगळं खोटं.

मी म्हटलं, "माही परीक्षा घे."

मंगरूळपीरच्या रस्त्यावर माझ्या ओळखीच्या एका माणसाचा कळप आहे. त्याला प्रत्येक बकरीचा जन्म पाठ. कोणती पोळ्याला झाली, कोणती संक्रांतीला, कोणती पोराच्या बारशाला. आम्ही गेलो. तो एकेक बकरी माझ्यापुढे धरायचा आणि तिचं खरं वय पोरीच्या कानात सांगायचा. मी दात पाहून मोठ्याने बोलायची. पोरगी लिहायची, पण तोंडावर काही दिसू द्यायची नाही. दर बकरीला मी चष्मा काढून पुसायची.

बकरीवाला मधूनच म्हणायचा, "काय मावशी, चष्मा किती खेपा पुसता?"

"तुही बकरी त्यावर शिंकून राह्यली."

वीस बकऱ्या झाल्या. ती वही घेऊन बाभळीखाली गेली. दोनदा मोजलं, मला दिसत होतं. मग आली आणि तिथल्या तिथे माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "ऊठ, लेंड्या हायेत तिथं." अठरा बरोबर होत्या. दोन चुकल्या, आणि दोन्हींचे दात तुटलेले होते.

घरी आल्यावर तिने तुटक्या दातांच्या सगळ्या नळ्या काढून टाकल्या. कोणाचे दात तुटके, ते तिने चिठ्ठीवर तेव्हाच टिपून ठेवलं होतं, मी न सांगता. न जुळणारी तर गेलीच, पण दुसरी एक होती, रांगेत अगदी चपखल बसलेली, तीही गेली. मी म्हटलं, "हे त चांगली होती ना!" म्हणाली, "तिचे बी दात तुटले होते." चिठ्ठी दोनदा वाचली आणि सरळ रेघ मारली.

दिवाळीच्या चार दिवस आधी प्रबंध गेला. काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक, सगळं इंग्रजीत. पुढे तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, की वय कशावरून ठरवलं? तिने वीस बकऱ्यांचा कागद पुढे ठेवला. साहेबांनी तो पुष्कळ वेळ वाचला आणि पुढचं बरंच काही विचारलंच नाही, असं ती सांगत होती. संध्याकाळी पेढे घेऊन आली. साखर नको म्हणणारी, पण अर्धा किलो पेढे. मी चार खाल्ले आणि पाचवा तिनेच पुढे केला.

मग हैदराबादला नोकरी लागली. माणसांच्या हाडांवर काम आहे म्हणे. मी म्हटलं, तिथं दात पाहून चालायचं नाही, लोक कवळ्या लावतात.

जायच्या दिवशी मी स्टँडवर गेले. सामान फार नव्हतं. फ्रीज बापाने आधीच नेला होता. रडारड होईल म्हणून मी जाणार नव्हते, पण हैदराबादची रेल्वे वाशीमहून, आणि वाशीमची गाडी तिला नीट सांगणारं कोणी हवं ना, रोज त्याच गाडीने जाणारी असली तरी. गाडी लागली, ती चढली, खिडकीपाशी बसली. एवढ्यात बाजाराला निघालेला एक माणूस स्टँडच्या कडेने बकरी ओढत चालला होता. काळी, एक कान पांढरा. ही खाली उतरली. साडीचा पदर खोचून तिने भर स्टँडवर त्या बकरीचं तोंड उघडलं. बकरीवाला म्हणाला, "घ्यायची हाये का, मॅडम?" तिने ऐकलंच नाही. माझ्याकडे पाहून बोटं दाखवली. सहा.

मी दहा पावलांवर उभी होते. बकरीची ठेवण पाहिली, मान हलवली आणि चार बोटं दाखवली.

तिने पुन्हा सहा दाखवली. मी पुन्हा चार. कंडक्टरने घंटी मारली, लोक ओरडायला लागले, तशी ती पळत गाडीत चढली. खिडकीतूनही दोन्ही हात बाहेर काढून एक पंजा आणि वर एक बोट दाखवत राहिली. मी चार बोटं वर धरून उभी. गाडी फाटकातून वळली आणि वाशीमच्या रस्त्याला लागली.

बकरीवाला थोडा पुढे गेला होता. मी त्याला थांबवलं, चष्मा लावला आणि बकरीचं तोंड उघडलं.

सहा होते.

ती रविवारी फोन करते. इकडचं-तिकडचं विचारते. अजून मी तिला सांगितलेलं नाही.